आधी टेम्पोचं बोल

ताई, मी नाशिकरोडला राहते. वय 27, खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. यंदा फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेत रांगेत उभी असताना मनाशी पक्कं झालं की मला सिस्टर व्हायचंय, दवाखान्यातली नव्हे, मठातली. सुरगाणा-पेठकडच्या पाड्यांवर काम करणाऱ्या सिस्टरांना भेटून आले, त्यांच्याकडे चार दिवस राहिलेही. घरी मात्र आई रोज रडते. बाबा जाऊन चार वर्षं झाली. दादाला कशाचंच काही नाही. रविवारी चर्चमध्ये मिस्सेलासुद्धा येत नाही, टेम्पो धूत बसतो. त्या टेम्पोचं कर्ज माझ्या पगारावर काढलंय, जामीन आई आहे, 43 हप्ते राहिलेत, पण ते दादा बघेल. प्रभू येशूने हाक मारली तेव्हा मासे धरणाऱ्या शिष्यांनी जाळी तिथल्या तिथे टाकली. मग मलाच का अडवतात? देवाचं ऐकू की आईचं?

— एक वाचक, नाशिकरोड

बाळ,

तुझं पत्र सात पानांचं आहे. वर दिलंय ते त्याचं सार. त्यातली साडेतीन पानं आईच्या रडण्यावर आहेत, दोन प्रार्थनेवर, आणि कर्जावर एक ओळ. तीही दादाच्या तक्रारीच्या शेपटाला बांधलेली. मी ती ओळ वाचली आणि चष्मा पुसून परत वाचली.

हप्ता 11,400 रुपयांचा आहे असं तू समासात लिहिलंयस. गुणाकार मी केला: 4,90,200. आता मला सांग, "दादा बघेल" म्हणजे काय? आजवर किती हप्ते त्याने भरले? पत्रात आकडा नाही. तुझ्या पगाराच्या खात्यातून दर महिन्याला कापले जातात एवढंच कळतं. म्हणजे दादा आजवर बघतच आलाय.

तू राजीनामा दिलास की त्या खात्यात पगार येणार नाही. पहिला हप्ता परत जाईल, दुसरा जाईल, मग बँकेचा फोन येईल. तो दादाला येणार नाही, कारण कागदावर दादा कुठेच नाही. तुला लागणार नाही, कारण तू तेव्हा मठात असशील. जामीनदार कोण? आपल्याकडचा करार कायदा 1872 चा आहे. त्याच्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराच्या मागे लागा, मग माझ्याकडे या, असं म्हणायची सोय त्याला नाही. वसुलीवाला थेट तुझ्या आईच्या उंबऱ्यावर.

आई का रडते हे तू तिला एकदा तरी विचारलंस का? साडेतीन पानांत "रडते" हा शब्द मी अकरा वेळा मोजला. "मी विचारलं" एकदाही नाही. माझा अंदाज असा की तिला तुझ्या सिस्टर होण्याचं जेवढं दुःख आहे, त्याहून जास्त त्या सहीची धास्ती आहे, आणि देवाच्या कामाआड पैशाचं बोलायचं कसं म्हणून ती नुसती रडते. तिच्याबद्दल मला फार कळवळा आलाय असं समजू नकोस. मुलाच्या टेम्पोसाठी मुलीची पगारपावती पुढे करताना तीच होती ना? ते आता राहू दे.

जाळ्यांचं बोलू. मी शरणपूरची, प्रॉटेस्टंट, आमच्यात सिस्टर व्हायची रीत नाही, पण बायबलातलं शुभवर्तमान आम्हीही लहानपणापासून घोकलंय. मार्कचा पहिला अध्याय उघड, विसावं वचन. याकोब आणि योहान बापाला होडीत सोडून निघाले, हे तुला पाठ आहे. पण मार्क पुढे काय सांगतो? बाप एकटा नव्हता, होडीत पगारी माणसं होती. जब्दीची होडी दुसऱ्या दिवशीही पाण्यात गेली असणार. मुलांच्या नावावर होडीचं कर्ज आणि बाप जामीन, असं तिथे नव्हतं. त्याच मार्कचा सातवा अध्यायही वाच, कुर्बानचा. आईबापाला जे द्यायचं ते "देवाला अर्पण केलं" म्हणून हात झटकणाऱ्यांवर प्रभू केवढा संतापलाय! तुझा प्रश्न "देवाचं की आईचं" असा नाहीच. देवाने त्याचं उत्तर तिथे देऊन टाकलंय.

माझं कुणी ऐकत नाही, पण चर्चचा कायदा तुला ऐकावाच लागेल. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या संहितेतलं कलम 644 सांगतं की जिच्या डोक्यावर फेडता न येणारं कर्ज आहे, तिला नवदीक्षेत, म्हणजे व्रतांआधीच्या तयारीच्या काळात, घेऊ नये. आज तू ते फेडू शकतेस. ज्या दिवशी राजीनामा देशील, त्या दिवशी त्या कलमात बसशील. आणि पुढे कमावून पाठवीन म्हणशील तर तेही नाही. व्रतं घेतल्यावर तू परिचारिका म्हणून जे मिळवशील ते संस्थेचं, तुझं नाही. दारिद्र्याचं व्रत म्हणतात ते हेच. तिथल्या सिस्टरांना कर्जाचं सांगितलंस का? नसशील सांगितलं. सांग. त्या काय म्हणतात ते मला कळव, मला उत्सुकता आहे.

मध्येच एक आठवलं. लक्ष्मीबाई टिळक आपल्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. नवऱ्याने, कवी ना. वा. टिळकांनी, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्या मागे राहिल्या. पाच वर्षांनी त्यांनीही घेतला, पण मधल्या काळात काय सोसलं ते त्यांनीच लिहून ठेवलंय. टिळकांच्या कविता मी अजून गुणगुणते. पण कुणी सगळं सोडून निघालं की माझे डोळे आधी मागे उरलेल्यांकडे वळतात, ते बाईंमुळे.

आणि खरं सांगू? मला राग तुझ्या निघण्याचा नाही. तू पाड्यांवर जायला निघालीस, तिथल्या बायकांसाठी. तिथे तुझ्यापुढे एखादी बसेल आणि सांगेल, बचत गटातून पैसे मी उचलले, नवऱ्याला दिले, आता तो म्हणतो बघतो. तिला काय सांगशील? तिच्यासाठी प्रार्थना करशील की तिचा हात धरून नवऱ्यासमोर उभी राहशील? दुसरं करणार असशील तर त्याचा सराव घरातच कर. मला वाटतं, दादाशी बोलायची तुला भीती वाटते. सात पानांत तू देवाशी बोललीस, आईशी भांडलीस, माझ्याकडे तक्रार केलीस. ज्याच्याकडे पैसे अडकलेत त्याच्याशी एक वाक्य बोलली नाहीस. बाबा गेल्यावर घरातला पुरुष तो एकच, म्हणून? की तो ओरडेल म्हणून? ओरडू दे.

त्याला सांगायचं एवढंच: टेम्पो तुझ्या नावावर, मग कर्जही तुझ्या नावावर. गाडी वैयक्तिक कर्जातून घेतली असेल तर आरसी बुकावर बँकेचा बोजा नसेल. त्याच गाडीवर तो स्वतः कर्ज काढू शकतो, आणि त्या पैशांतून तुझं खातं बंद होईल. बँकेकडून येणे बाकी नसल्याचा दाखला घे. एक प्रत आईच्या हातात दे, एक मठाच्या अर्जाला लाव. जमत नाही म्हणाला तर टेम्पो विकू दे. तेही नाही म्हणाला तर राजीनामा लिहू नकोस, हप्ते भर, आणि दर महिन्याला त्याच्याकडून वसूल कर. 43 महिन्यांनी तू एकतीस वर्षांची होशील. मधल्या काळात प्रभू काही हाक मारायचा थांबत नाही.

तोवर सिस्टरांकडे जात राहा, सुट्टीत पाड्यावर राहा, कुणी अडवत नाही. त्या रांगेत तुला जे वाटलं ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. उलट मला ते फार खरं वाटतंय, म्हणून तर एवढी चिडलेय.

दादा रविवारी टेम्पो धुतो म्हणालीस ना? मग या रविवारी मिस्सा संपली की चहाला न थांबता घरी ये आणि एक फडकं तूही घे. चाकं होईपर्यंत गप्प राहा. मग पासबुक काढ. पिशवीत नीट गुंडाळून ने, भिजवू नकोस.

तुझी,
ताई