नवीन अंडरग्राउंड हाउस-टेक्नोच्या बारा इंची रेकॉर्ड भारतात बसून कशा निवडायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टर्नटेबल घेतलंय, डीप हाउस आणि डेट्रॉईट-बर्लिनचा टेक्नो ही इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची रूपं आवडतात, पण दर आठवड्याला निघणाऱ्या ढीगभर नव्या रेकॉर्डमधून काय घ्यावं, इथे कसं मागवावं आणि आलेला माल खराब निघाला तर ते कसं ओळखावं.

सगळ्यात आधी कलाकाराच्या नावावरून शोधायची सवय सोडा. या संगीतात एकच माणूस चार टोपणनावांनी रेकॉर्ड काढतो, आणि बऱ्याचदा रेकॉर्डच्या मधल्या पांढऱ्या कागदी लेबलवर नुसता रबरी शिक्का असतो. बेसिक चॅनल या बर्लिनच्या जोडीच्या १९९० च्या दशकातल्या रेकॉर्डवर तर लेबलवरची अक्षरं मुद्दाम विस्कटून छापलेली असत. नाव लपलेलं असलं तरी रेकॉर्ड कुठून आली हे लपत नाही. कुणी कापली (मूळ तबकडीवर खाच कोरली), कुठे दाबली (साच्यातून प्रती काढल्या), कुणी वितरित केली, ही साखळी वाचता आली की निवड निम्म्याहून सोपी होते.

या साखळीतली माणसं अगदी जवळजवळ बसलेली आहेत, हे एका उदाहरणावरून कळेल. बर्लिनचं हार्ड वॅक्स हे दुकान मार्क अर्नेस्टुसने १९८९ मध्ये सुरू केलं. मोरित्स फॉन ओस्वाल्डबरोबर बेसिक चॅनल चालवणाराही तोच, आणि डबप्लेट्स अँड मास्टरिंग ही कटिंगची खोली १९९० च्या दशकात याच मंडळींच्या वर्तुळातून उभी राहिली. डेट्रॉईटमध्येही तेच. माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्स या गटाच्या रेकॉर्ड रॉन मर्फीच्या नॅशनल साउंड कॉर्पोरेशनमध्ये कापल्या जात, आणि त्याच शहरातला आर्चर हा प्रेसिंग प्लांट १९६५ पासून घरच्यांच्या हातात आहे. म्हणून या प्रकारात 'कुठून आली' या प्रश्नाचं उत्तर 'कशी वाजते' याच्या फार जवळ जातं.

प्रत्यक्षात करायचं ते असं. तुम्हाला मनापासून आवडलेली एक रेकॉर्ड घ्या, डिस्कॉग्स या रेकॉर्डच्या ऑनलाइन सूची-बाजारावर तिचं पान उघडा आणि 'डिस्ट्रिब्यूटेड बाय' पुढे काय लिहिलंय ते बघा. मग त्या वितरकाची यादी चाळा. लहान लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, एका वेळी ३०० ते ५०० प्रती काढतं. त्यांच्याकडे जाहिरातीला पैसे नसतात, त्यामुळे खरी चाळणी वितरकच लावतो. क्लोन, रश अवर, योयाकू ही दुकानं स्वतः वितरकही आहेत, ग्लासगोचं रबाडब तसंच. प्रत्येकाचा कल वेगळा: हार्ड वॅक्स डब टेक्नो (प्रतिध्वनीत घोळवलेला टेक्नो) आणि डेट्रॉईटकडे, रॉटरडॅमचं क्लोन इलेक्ट्रो आणि डेट्रॉईटकडे, ॲमस्टरडॅमचं रश अवर शिकागो आणि डीप हाउसकडे, पॅरिसचं योयाकू मोजक्या आवाजांच्या मिनिमलकडे. लंडनचं फोनिका सगळ्यांत थोडं थोडं ठेवतं. हार्ड वॅक्स प्रत्येक रेकॉर्डवर एकच ओळ लिहितं, आणि ज्यावर 'टिप' असं लिहिलेलं असेल ती निदान ऐकून तरी बघाच. दोन दुकानं पक्की धरा आणि आठवड्यातून एकदा त्यांची नवी आवक बघा. दहा दुकानं फिरून कान थकतो आणि सगळंच सारखं वाटू लागतं.

क्लिप ऐकताना हेडफोन लावा. फोनच्या स्पीकरवर १०० हर्ट्झच्या खालचं काही येत नाही आणि या रेकॉर्डचा जीव तिथेच आहे. क्लिप बहुधा दीड-दोन मिनिटांची आणि ट्रॅकच्या मधली असते, म्हणजे सुरुवातीचा फक्त ड्रमचा भाग तुम्हाला ऐकू येतच नाही. दोन रेकॉर्ड मिसळून वाजवायच्या असतील तर कामाचा भाग नेमका तोच असतो. शक्य असेल तिथे बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या साइटवर पूर्ण ट्रॅक ऐका. काही लेबलं फक्त विनाइलच काढतात, तिथे क्लिपवरच भागवावं लागतं.

आता एका बाजूला किती मिनिटं आहेत ते मोजा. बहुतेक जण हे बघत नाहीत, आणि माझ्या मते रेकॉर्ड पसंत-नापसंत करायला याहून मोठा निकष नाही. आवाज मोठा आणि बेस जाड हवा असेल तर खाच रुंद कापावी लागते, आणि रुंद खाच जागा खाते. बारा इंचीवर मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या गतीने साधारण ९ ते १० मिनिटं, ३३ ने १२ ते १४ मिनिटं, एवढंच जोरकस बसतं. एका बाजूला २० मिनिटं कोंबलेली असतील तर आवाज दबलेला मिळणार, मग तो वाढवताना धूळ आणि खरखरही वाढणार. शिवाय सुई आत सरकेल तसा खाचेचा वेग घटतो. ३३ वर बाहेरच्या कडेला तो सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर असतो, लेबलजवळ २१ वर येतो. ४५ वर तेच आकडे ६९ आणि २८. तेवढ्याच वेळाचं संगीत आत कमी लांबीत दाबलेलं असतं, म्हणून आतल्या ट्रॅकचे हायहॅट (झांजेचे आवाज) चुरचुरतात. आवडलेला ट्रॅक ए१ किंवा बी१, म्हणजे त्या बाजूचा पहिला, असेल तर निश्चिंत घ्या. तो बी२ असेल आणि त्या बाजूची बेरीज १५ मिनिटांच्या वर जात असेल, तर मी दोनदा विचार करेन.

दुकानाच्या पानावर नसते पण डिस्कॉग्सवर सापडते अशी एक गोष्ट म्हणजे रनआउटमधला मजकूर. ट्रॅक संपल्यावर लेबलाभोवती जो गुळगुळीत पट्टा उरतो, त्यावर हाताने कोरलेला किंवा ठोकलेला असतो तो. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरून हळूहळू फिरवली की अक्षरं चमकतात: कॅटलॉग नंबर, बाजू, आणि कापणाऱ्याची खूण. 'डी अँड एम' म्हणजे डबप्लेट्स अँड मास्टरिंग, 'लूप-ओ' हा बर्लिनचा कटिंग इंजिनिअर, 'एसएसटी' ही फ्रँकफर्टची कटिंगची खोली, 'एनएससी' म्हणजे रॉन मर्फी. मर्फी २००८ मध्ये गेला, त्यामुळे एखाद्या जुन्या डेट्रॉईट रेकॉर्डच्या ताज्या पुनर्मुद्रणावर 'एनएससी' दिसलं तर जुन्याच साच्यांच्या वंशातून ती दाबली आहे असं समजा. वेगळी खूण दिसली तर ती नव्याने कापली आहे. नव्याने कापलेली वाईटच असं मुळीच नाही. शिकागोत १९८० च्या दशकात जुन्या रेकॉर्ड वितळवून त्यावर हाउस छापलं गेलं आहे, त्या मूळ प्रतींची खरखर बघता आजचं पुनर्मुद्रण कितीतरी स्वच्छ असतं. क्लोनची 'क्लासिक कट्स' ही मालिका याच कामासाठी आहे. 'नवीन' म्हणून आलेल्या यादीत बरंच पुनर्मुद्रण असतं एवढं लक्षात ठेवा. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे चरणजित सिंग यांची १९८२ मध्ये मुंबईत ८०८ (ड्रम मशीन) आणि ३०३ (बेस सिंथ) या रोलँडच्या यंत्रांवर केलेली रागांची रेकॉर्ड. ती २०१० मध्ये बॉम्बे कनेक्शन या डच लेबलने पुन्हा काढली आणि तेव्हा कुठे हाउस-टेक्नोवाल्यांनी ती ऐकली.

एखादी रेकॉर्ड 'संपली' म्हणून डिस्कॉग्सवर लगेच तिप्पट किंमत मोजू नका. चांगली खपली तर बऱ्याचदा सहा-आठ महिन्यांत रिप्रेस (पुन्हा दाबलेल्या प्रती) येतं. लेबलच्या बँडकॅम्पवर पाठपुरावा ठेवा. प्रीऑर्डरच्या तारखांवर मात्र विसंबू नका. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्स हा कारखाना जळाला, कटिंगसाठी लागणाऱ्या कोऱ्या तबकड्या (लॅकर) बनवणारे जगात दोनच मोठे कारखाने होते त्यातला तो एक. तेव्हापासून तारखा किती ढळू शकतात हे सगळ्यांनी बघितलंय. आणि प्रीऑर्डरची रेकॉर्ड हातातल्या मालाबरोबर एकाच ऑर्डरमध्ये टाकली, तर अनेक दुकानं अख्खं पार्सल ती येईपर्यंत थांबवतात. ती वेगळी मागवा.

मागवण्याचा हिशोब. नवी बारा इंची साधारण १२ ते १६ युरोला पडते. दाखवलेल्या किमतीत तिकडचा व्हॅट धरलेला असतो, जर्मनीत १९ टक्के, नेदरलँड्समध्ये २१. भारतातला पत्ता टाकल्यावर तो वजा व्हायला हवा. म्हणजे १४ युरोच्या ५ रेकॉर्ड, ७० युरो, त्यातले जर्मन दुकानात सुमारे ५९ उरतात. वजा झाला नाही तर पैसे भरण्याआधी दुकानाला लिहा. स्लीव्हसकट एक रेकॉर्ड २२० ते २५० ग्रॅम भरते, म्हणजे ५ रेकॉर्ड आणि खोका मिळून दीड किलोच्या आसपास. टपालाचा २ किलोचा टप्पा बऱ्याच ठिकाणी असतो, त्यात ६ रेकॉर्ड आरामात बसतात. एक-एक मागवणं म्हणजे रेकॉर्डपेक्षा टपाल महाग. इथे आल्यावर कस्टम ड्यूटी आणि आयजीएसटी लागतो, आणि ड्यूटी फक्त मालावर नाही, मालाची किंमत अधिक टपाल अधिक विमा अशा बेरजेवर. दुकानाला 'गिफ्ट लिहा' असं सांगून काही साधत नाही, ती सवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली. कुरिअरने आलं तर केवायसीचे कागद मागतात, ते आधीच तयार ठेवा, नाहीतर पार्सल गोदामात पडून राहतं.

ऑर्डरच्या शेऱ्यात एक वाक्य नक्की लिहा: रेकॉर्ड बाहेरच्या स्लीव्हमधून काढून, आतल्या कागदी पाकिटासकट स्लीव्हच्या मागे ठेवून पाठवा. प्रवासात खोका आपटला की रेकॉर्डची कड स्लीव्हची शिवण फाडते, असं ठेवलं तर फाटत नाही.

पार्सल आल्यावर त्याच दिवशी तपासा. तक्रारीची मुदत थोडीच असते. आधी कोरलेली 'ए' आणि लेबलवरची 'ए' जुळतात का बघा, लेबलं उलट चिकटलेली निघतात. मग गती. लेबलवर ३३ की ४५ लिहिलेलं नसेल तर ठोके मोजा. हाउस मिनिटाला १२० ते १२६, टेक्नो १२८ ते १४० च्या दरम्यान. १२५ ची रेकॉर्ड चुकीच्या गतीवर एक तर ९३ वर रेंगाळते, नाहीतर १६९ वर पळते.

मधलं भोक केंद्रात आहे का हे टोनआर्म (सुईचा दांडा) सांगतो. रेकॉर्ड फिरताना त्याचं डोकं प्रत्येक फेऱ्यात डावी-उजवीकडे डुलत असेल तर भोक सरकलेलं आहे. अर्धा मिलिमीटर सरकलं तरी लेबलजवळ सूर वर-खाली सुमारे ०.८ टक्के हलतो. किक (ढोलाचा ठोका) आणि हायहॅटमध्ये ते कळणारही नाही. पण लांब ताणलेला कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आला की तो ३३ वर दर १.८ सेकंदाला कण्हल्यासारखा हलतो, आणि डब टेक्नो तर सगळा अशाच कॉर्डवर उभा असतो. ही रेकॉर्ड परत करा.

कापड फाटल्यासारखा 'टर्र' आवाज काही फेऱ्यांपुरता येत असेल, तर प्रेसमध्ये विनाइल खाचेत नीट भरलेलं नाही. दिव्याखाली तिथे ठिपक्यांची चमचम दिसते. धुऊन हे जात नाही. साधी टिकटिक असेल तर आधी धुवा, नव्या रेकॉर्डवरही कागदाचा भुसा असतो. धुतल्यावरही त्याच जागी टिकटिक राहिली आणि इतरांच्याही तशीच तक्रार असेल, तर दोष साच्यात आहे. बदली प्रतही तशीच येईल, तेव्हा बदली न मागता पैसे परत मागा.

दोन गोष्टींना मात्र दोष समजू नका. काही डेट्रॉईट रेकॉर्ड आतून बाहेर वाजतात, सुई लेबलजवळ ठेवायची असते. आणि काहींवर बंद खाचा असतात, एकच फेरा अखंड फिरत राहतो. ३३ वर एक फेरा १.८ सेकंदांचा, त्यात ४ ठोके बसवले की बरोबर १३३.३ ची गती मिळते. टेक्नोच्या ऐन मध्यावरचा हा आकडा आहे, म्हणून असे लूप मिसळायला सोपे जातात.

सुई उडते म्हणून रेकॉर्ड परत करण्याआधी स्वतःचं टर्नटेबल तपासा. सुटकेससारख्या स्वस्त प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असते, ती ५ ग्रॅमच्या आसपास दाबते, तरी जाड किकवर उडते आणि उडताना खाच खरवडते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई सारखी साधी कार्ट्रिज, वजनकाट्यावर मोजून २ ग्रॅम, अँटिस्केट (दांड्याला आत ओढू न देणारा ताण) तेवढंच, एवढ्याने बहुतेक उड्या थांबतात.

रेकॉर्ड वाकडी आली असेल तर दोन सपाट जाड काचांमध्ये ठेवून वर वजन द्या आणि आठवडाभर खोलीच्या तापमानाला राहू द्या. ओव्हन नको, ऊनही नको, विनाइल ५०-६० अंशांपुढे मऊ पडायला लागतं. मे महिन्यात बंद गाडीत एक तास पुरतो. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या जुन्या पार्ट्यांत रेकॉर्डऐवजी कॅसेट आणि डॅट (डिजिटल) टेप वाजत, त्यामागे ही ऊन-धुळीची अडचणही होती.

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात खरी काळजी बुरशीची. रेकॉर्ड उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, प्लॅस्टिकचं कव्हर पॉलिथिनचं किंवा पॉलिप्रॉपिलिनचं घ्या. मऊ पीव्हीसीच्या कव्हरचा अंश रेकॉर्डवर उतरतो आणि धुरकट डाग पडतो. कव्हरचं तोंड चिकटवून बंद करू नका, आत ओल अडकते. धुण्यासाठी ८०० मिली डिस्टिल्ड पाणी, २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांड्यांच्या बिनवासाच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने फिरवा आणि मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने खळाळा. नळाचं पाणी वापरलं तर क्षार खाचेत सुकतात आणि नवी टिकटिक सुरू होते. घरात आजोबांच्या काळातल्या ७८ च्या तबकड्या असतील तर हे मिश्रण त्यांना चुकूनही लावू नका. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलने लाख विरघळते.