फ्लॅट तिघांचा, सही एकट्याची

प्रश्न : माझं वय ५४. वडिलांनी १९९२ साली डोंबिवलीत २ लाख १० हजारांना घेतलेला वन बीएचके ६४ लाखांना विकायचं ठरलंय. वडील २०१९ मध्ये गेले. मृत्युपत्र नाही, पण सोसायटीत नॉमिनी म्हणून माझंच नाव आहे. टोकन ५ लाख मिळालं, त्यातले ४ लाख रोख. पावतीचा फोटो सोबत जोडला आहे. बँकेतले रिलेशनशिप मॅनेजर सांगतात, वर्षाला ६ लाख असे १० वर्षं भरा, बारा वर्षं पूर्ण झाली की पुढे १५ वर्षं दरसाल ८ लाख गॅरंटीड. शुक्रवारी ते फॉर्म घेऊन घरी येणार आहेत. ही पॉलिसी घ्यावी की म्युच्युअल फंड? आई माझ्याकडेच असते, बहिणीचं लग्नात सगळं केलं आहे. माझ्या घराचं कर्ज १७ लाख बाकी आहे, व्याज साडेआठ टक्के.
– एक वाचक, कल्याण

उत्तर : पॉलिसी घेऊ नका. ६० लाख भरून १ कोटी २० लाख, म्हणजे ‘डबल’, असं त्यांनी कागदावर लिहून त्याला गोल केला असेल. शेवटचे ८ लाख हातात पडतील तेव्हा तुम्ही ऐंशीचे असाल. हिशेब मांडला तर परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास येतो. त्यातून एप्रिल २०२३ नंतरच्या पॉलिसींचा वर्षाचा हप्ता ५ लाखांच्या वर गेला की मिळणारी रक्कम करमुक्त राहत नाही. हे मॅनेजरसाहेब बोलले नसणारच. साडेआठ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर ठेवून पाच टक्क्यांची गॅरंटी विकत घेणं हा कुठला व्यवहार? तुम्ही विचारलेल्याचं उत्तर इथे संपलं.

न विचारलेलं आता ऐका. हे ६४ लाख तुमचे नाहीत.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सभासद गेल्यावर सोसायटीने कोणाशी बोलायचं, एवढ्यापुरतं ते नाव असतं. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार वारस कोण हे ठरेपर्यंत नॉमिनी फक्त तात्पुरता सभासद असतो. वडिलांनी स्वतः घेतलेला फ्लॅट, मृत्युपत्र नाही. तेव्हा हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, तुम्ही आणि बहीण, तिघांचा हिस्सा सारखा. ‘लग्नात सगळं केलं’ हे वाक्य मला महिन्यातून एकदा तरी पत्रात सापडतं. लग्नाचा खर्च वारसाहक्कातून वजा होत नाही. आणि आई तुमच्याकडे राहते म्हणून तिचा हिस्साही तुमच्याकडे राहायला येत नाही.

तुमची विसार पावती पाहिली. पाचशेचा स्टॅम्प पेपर, ‘लिहून देणार’पुढे तुमची एकट्याची सही, आणि खाली पेनाने वाढवलेली ओळ : ९० दिवसांत करार न केल्यास टोकन दुपटीने परत. म्हणजे दोन तृतीयांश दुसऱ्यांचं असलेलं घर तुम्ही विकायला काढलंत, वर उशिराचा दंडही स्वतःच्या अंगावर घेतलात. घेणारा कर्ज काढणार असेल तर बँकेचा वकील सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव बघताक्षणी वारसांचे कागद मागेल. कर्ज न काढता घेणार असेल, तर उद्या बहिणीच्या नोटिशीला उत्तर देणार कोण?

आता ते रोख ४ लाख. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, मग ती टोकन म्हणून का असेना. जेवढी रोख घेतली तेवढाच दंड बसू शकतो, तोही रोख घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. व्यवहार फिसकटला तर घाबरून रोख परत करू नका, परत करतानाही तोच नियम आहे. बँकेतूनच द्या. व्यवहार झाला तर हे ४ लाख करारात लपवू नका, आणि सीएला आजच खरं सांगा.

मार्ग आहे, आणि तो फार अवघडही नाही. करारावर तिघांनीही विकणारे म्हणून सह्या करायच्या आणि ज्याचा त्याचा हिस्सा ज्याच्या त्याच्या खात्यात घ्यायचा. बहिणीला काही नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र होतं, तेही नाममात्र मुद्रांक शुल्कात. पण ते तिने समजून उमजून, खुशीने करायला हवं. राखीला आली असताना ‘इथे एक सही कर’ म्हणून नव्हे. सोसायटी किंवा बँकेने कोर्टाचा वारस दाखला मागितला तर काही महिने जातील. म्हणून घेणाऱ्याला परिस्थिती सांगून लेखी मुदतवाढ आत्ताच मागा. व्यवहार ५० लाखांच्या वर असल्याने तो एक टक्का टीडीएस कापेल. तोही तिघांच्या पॅनवर विभागून कापायला सांगा, नाहीतर सगळे ६४ लाख प्राप्तिकर खात्याला तुमचेच दिसतील.

कराचा ढोबळ अंदाज : खरेदीच्या २ लाख १० हजारांऐवजी १ एप्रिल २००१ ची किंमत धरायची; ती मूल्यांककाने ६ लाख ठरवली तर नफा ५८ लाख, साडेबारा टक्क्यांनी कर सव्वासात लाख. जुन्या पद्धतीने, महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी काढला तर आठ लाखांच्या वर जातो, त्यामुळे ती वाट नको. माणशी कर सुमारे २ लाख ४० हजार, हातात १९ लाखांच्या आसपास. आईंना दुसरं उत्पन्न नसेल तर त्यांचा कर आणखी कमी होईल.

तुमच्या १९ मधून १७ लाखांचं कर्ज फेडा. उरले दोन, ते बँकेतच असू द्या. वकील, मूल्यांकक, कागदपत्रं यांना लागतील. म्युच्युअल फंडाचं पुढच्या वर्षी बोलू, कर्जाचा हप्ता सुटलेला असेल तेव्हा. आईंचे पैसे मात्र आईंच्याच नावावर, पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत : सध्याच्या ८.२ टक्क्यांनी १९ लाखांचे दर तिमाहीला जवळजवळ ३९ हजार येतात. खात्याला नॉमिनी लावताना या खेपेला दोन्ही मुलांची नावं घाला, आणि आईंना मृत्युपत्रही करू द्या.

मॅनेजर शुक्रवारी फॉर्म घेऊन घरी येणार असं तुम्ही लिहिलंय. त्यांना येऊ नका म्हणून कळवा आणि त्या संध्याकाळी बहिणीला फोन करा.