किल्ला ‘विकत नाही, भाड्याने देतोय’ म्हणजे नक्की काय?

तुम्ही विचारलंय, 2019 मध्ये महाराष्ट्र सरकार किल्ले विकणार नव्हतंच, भाडेपट्ट्याने देणार होतं, तेही शिवकालाशी थेट संबंध नसलेले. मग एवढा गदारोळ का झाला? गदारोळ रास्त होता, असं माझं आजही ठाम मत आहे.

त्या सप्टेंबरमध्ये बातमी आली की पर्यटन विकास महामंडळामार्फत 25 किल्ले हॉटेलं आणि लग्नसमारंभांसाठी खासगी उद्योगांना देण्याचा विचार आहे. लोक भडकले. मग खुलासा झाला: वर्ग 1 च्या, म्हणजे शिवकालाशी थेट संबंध असलेल्या किल्ल्यांना धक्का लागणार नाही, विचार फक्त वर्ग 2 चा, म्हणजे बाकीच्यांचा आहे. बहुतेकांचं समाधान झालं. माझी काळजी मात्र त्या खुलाशानेच वाढली.

रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग यांच्यामागे 1958 चा केंद्राचा स्मारक संरक्षण कायदा आहे; हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. राजगड, साल्हेर राज्य संरक्षित आहेत. जुलै 2025 मध्ये हे पाचही किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांना हात लावायची कुणाची छाती होणार नाही. आडगावच्या, संरक्षित स्मारक म्हणून अधिसूचनाच न निघालेल्या किल्ल्याला मात्र कुणी वाली नाही. जमीन बहुधा महसूल खात्याची नाहीतर वन खात्याची, आणि कागदावर ती नुसती जमीन.

असा एखादा किल्ला माघ-फाल्गुनात, गवत वाळल्यावर नीट बघा. वाड्यांची जोती दिसतात, कातळात खोदलेली टाकी, एखादं उखळ, पायाखाली खापरं. बहुतेक ठिकाणी उत्खनन तर सोडाच, साधा नकाशाही झालेला नसतो. तिथे लॉनसाठी जेसीबीने सपाटीकरण केलं की दोन दिवसांत जोती गेली. काय गेलं याची नोंदही राहणार नाही, कारण आधी नोंदच नव्हती. आणि गडावर पाणी म्हणजे तीच टाकी. पन्नास खोल्यांचं हॉटेल त्यावर चालेल का?

आता भाडेपट्टा. 2010-11 मध्ये इंग्लंडच्या सरकारने सुमारे अडीच लाख हेक्टर सरकारी जंगलं खासगी हातांत द्यायचा घाट घातला होता. त्यातही मोठ्या व्यावसायिक जंगलांसाठी शब्द ‘विक्री’ नव्हता, 150 वर्षांचा भाडेपट्टा होता. म्हणजे चार-पाच पिढ्या. पाच लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि फेब्रुवारी 2011 मध्ये मंत्री कॅरोलाइन स्पेलमन यांना संसदेत माफी मागून प्रस्ताव मागे घ्यावा लागला.

सगळे करार एका मापाने मोजू नयेत, हेही सांगतो. 2018 मध्ये दालमिया भारतने लाल किल्ला ‘दत्तक’ घेतला, पाच वर्षांसाठी 25 कोटी. लाल किल्ला विकला म्हणून ओरड झाली, पण तो करार पाणी, स्वच्छतागृहं, फलक अशा सोयींचा होता. स्मारक पुरातत्त्व खात्याकडेच राहिलं. त्याला मी विक्री म्हणणार नाही. गोव्यातल्या तेरेखोल किल्ल्याचं उदाहरण वेगळं. जिथे 15 ऑगस्ट 1954 ला सत्याग्रहींनी तिरंगा फडकवला, त्या किल्ल्यात पुढे हॉटेल झालं. इमारत टिकली, डागडुजी झाली, हे मान्य. पण आत मुक्कामाला जायचं तर भाडं परवडणाऱ्यानेच. म्हणून कुठलाही करार हाती आला की मी आधी तीनच गोष्टी शोधतो: मुदत किती, सामान्य माणसाला फुकट वाट आहे का, आणि पाया खणण्याआधी पुरातत्त्व खात्याची परवानगी सक्तीची आहे का.

तुमच्या तालुक्यातल्या किल्ल्यासाठी काही करायचं असेल तर आधी गट नंबर काढा आणि सातबारा बघा. भोगवटादार कोण आणि इतर अधिकारात काय लिहिलंय, यावरून निम्मं चित्र स्पष्ट होतं. मग फोटो, टाकी-जोत्यांची मापं आणि ग्रामसभेचा ठराव जोडून राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे संरक्षित स्मारक घोषित करण्याची मागणी करा. प्राथमिक अधिसूचना निघाली की हरकतींसाठी दोन महिने असतात. त्या काळात आपल्या शेतजमिनीवर बंधनं येतील ही गावातली भीती बोलून दूर करा, कारण प्रस्ताव अडतात ते बहुधा तिथेच. सातबारा मिळाला की इथे टाका, मी बघतो. फक्त त्यावर खासगी खातेदारांची नावं असतील तर ती झाकून टाका.