पडीक रान, ओढा आणि पाणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चार एकर उताराची वडिलोपार्जित जमीन पडीक आहे, खालून ओढा जातो. पीक घ्यायचं नाही. पाणी आणि झाडं-पाखरं राखायची आहेत. जेसीबी लावून चर मारून घ्यावेत का?

उत्तर : जेसीबी आत्ता नको. आधी हिशेब बघा. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला की साधारण १ लाख लिटर पाणी उतरतं. ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल चराच्या एका मीटरमध्ये मावतं १८० लिटर. शंभर मीटर चर खोदला तरी एका भरण्यात १८ हजारच. बाकीचं पाणी मातीलाच मुरवावं लागतं, आणि ते काम गवताच्या मुळ्या, पालापाचोळा आणि गांडुळांची बिळं करतात. यंत्राच्या चाकाखाली नेमकं तेच दबून जातं.

म्हणून पहिली दोन वर्षं चराईबंदी आणि वणव्यापासून राखण, एवढंच मन लावून करा. गवत हवं असणाऱ्यांना बी झडल्यावर विळ्यानं कापून नेऊ द्या. गवत पुरतं वाळायच्या आत हद्दीला ४-५ मीटरचा जाळपट्टा, म्हणजे वणवा अडवणारा गवत काढलेला पट्टा, काढा. उभ्या उतारावर मात्र माती खरवडू नका, गवत कापून ओढून घ्या. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात त्याच पट्ट्याची घळ होते.

घाणेरीची (टणटणीची) झुडपं असतील तर ती वरून छाटून काही साधत नाही, फुटवे जास्तच येतात. खोडालगत माती उकरून बोटभर खोलीवर मुळी तोडा आणि झुडूप उलटं टाकून वाळू द्या. सगळं रान एकदम उघडं करू नका. तुकड्या-तुकड्यानं काढा, मोकळ्या जागी लगेच गवताचं बी टाका.

ओढ्याच्या दोन्ही काठांना किमान १० मीटर पट्टा हात न लावता सोडा. उतार जास्त तिथे अजून रुंद. पात्रात पडलेली फांदी कचरा समजून उचलू नका. तिच्याआड पाणी थबकतं, गाळ बसतो, मासोळ्यांना आडोसा मिळतो.

प्रश्न : गेल्या वर्षी समतल चर खोदले, पहिल्याच मोठ्या पावसात फुटले. काय चुकलं?

उत्तर : समतल चर म्हणजे उताराला आडवा, सगळीकडे एकाच पातळीत खोदलेला चर. बहुतेक वेळा तो समतल नसतोच, डोळ्यानं आखलेला असतो. पाणी एका टोकाला गोळा होतं, तिथे भर फुटते आणि खालचे चर एकामागून एक जातात. आखणीला ए-फ्रेम वापरा. दोन मीटरच्या दोन काठ्या वर एकत्र बांधा, मध्ये आडवी पट्टी, शेंड्यावरून ओळंबा. दोन खुंट्यांवर ठेवून दोरी पट्टीवर कुठे येते ती खूण करा, पाय अदलाबदल करून पुन्हा खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. मग पाऊल टाकत जा, दोरी मध्यावर आली की खुंटी ठोका.

माती उताराच्या बाजूला टाका, पण चराच्या काठापासून ३० सेंटिमीटर सोडून. काठावरच टाकली तर ती परत आत घसरते. दर काही मीटरवर अर्धा मीटर जागा न खोदता राखा, म्हणजे एक तुकडा फुटला तरी बाकीचे वाचतात. आणि चर कधीही घळीतून नेऊ नका. घळीला अनगड दगडी बांध, म्हणजे न घडवलेले दगड नुसते रचून केलेला बांध, हवा, आणि कामाची सुरुवात माथ्याकडून. बांधाचा मधला भाग टोकांपेक्षा २०-३० सेंटिमीटर खाली ठेवा, दोन्ही टोकं काठात अर्धा मीटर घुसवा. मध्य उंच राहिला की पाणी कडेनं वाट काढतं आणि काठच खाऊन टाकतं.

प्रश्न : माळ उघडा दिसतो. झाडं लावू का?

उत्तर : आधी एक पावसाळा नुसता बघा. दाट बहुवर्षायु गवत, जमिनीवर घरटी करणारे पक्षी, पावसात उमलणारी रानफुलं असतील तर तो मुळातच गवताळ माळ आहे. दाट झाडीच्या सावलीत ते सगळं जाईल. जुनी खोडं फुटताना दिसली तर त्यांना फक्त राखा; रोपापेक्षा ती लवकर वाढतात, कारण खाली मुळी तयार असते.

प्रश्न : आमच्यानंतरही ही जमीन अशीच राहावी, यासाठी काय करावं?

उत्तर : तोंडी इच्छा पुरत नाही. बंधन मालकावर नाही, जमिनीवर राहील, म्हणजे मालक बदलला तरी टिकेल, असा मार्ग तुमच्या भागात लागू असलेल्या कायद्यात आहे का, हे वकिलाला विचारा. लिखाणात ‘निसर्ग जपावा’ असं मोघम नको : खोदकाम, बोअर, बांधकाम, वृक्षतोड यांतलं काय बंद आणि काय चालेल, दरवर्षी पाहणी कोण करणार, हे स्पष्ट हवं. सोबत नकाशा जोडा, आणि रानात ठरवलेल्या ५-६ दगडांवर उभं राहून, दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच दिशेनं काढलेले फोटो.