वाचकांचे प्रश्न : संकटकाळात बँकांवर लगाम घट्ट हवा की सैल?

कापसाचा भाव पडला, पाऊस हुकला की आमच्याकडे बँकांविषयीची पत्रे वाढतात. त्यांतली पाच पत्रे इथे घेतली आहेत. उत्तरे सहकार आणि बँकिंग क्षेत्रातील जाणकारांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : मंदी किंवा दुष्काळ आला की सरकार बँकांचे नियम सैल करते. करोनात हप्ते पुढे ढकलले गेले. पण एखादी बँक बुडाली की तेच लोक म्हणतात, सरकारने आधीच लक्ष द्यायला हवे होते. मग संकटात नियंत्रण वाढवायचे की कमी करायचे? (एक शिक्षक, आर्वी, जि. वर्धा)

कर्जदाराला मुदत देणे ही एक गोष्ट आणि बँकेच्या वहीत खरे आकडे लिहिणे ही दुसरी. संकटात पहिल्या बाबतीत सैल सोडायला हरकत नाही. दुसऱ्या बाबतीत मात्र उलट अधिक करडी नजर हवी. सरकारे नेमकी इथेच चुकत आली आहेत.

आपल्या व्यापारी बँकांना जोखमीच्या दर 100 रुपये कर्जामागे किमान 9 रुपये स्वतःचे भांडवल ठेवावे लागते. त्यावर अडीच रुपयांची राखीव उशी असते, म्हणजे एकूण साडेअकरा. ही उशी वाईट दिवसांत वापरण्यासाठीच असते. ती वापरली की बँकेच्या लाभांशावर बंधने येतात, पण बँक चालू राहते. ऐन मंदीत सरकारने ‘भांडवल आणखी वाढवा’ असा आदेश काढला तर बँकेपुढे सोपी वाट एकच उरते : नवे कर्ज द्यायचे नाही. त्यात पहिला हात आखडतो तो लहान कर्जदारासाठी. मृग लागला आणि पीककर्ज मंजूर नाही, म्हणजे काय होते ते विदर्भात कुणाला सांगायला नको. माणूस सावकाराच्या दारात जातो. म्हणून भांडवलाचा नियम कडक करायचा तो सुगीच्या वर्षांत.

2008 मध्ये जागतिक संकट आले तेव्हा रिझर्व्ह बँकेने रोख राखीव प्रमाण (ठेवींतला जो वाटा बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा असतो तो) 9 टक्क्यांवरून काही महिन्यांत 5 टक्क्यांवर आणले. दर 100 रुपये ठेवीमागे 4 रुपये बँकांना मोकळे झाले. हे बरोबर होते. पण त्याच सुमारास पुनर्गठित केलेली, म्हणजे हप्ते-मुदत नव्याने बांधून दिलेली कर्जे ‘नियमित’ म्हणून दाखवण्याची मुभा मिळाली आणि ती वर्षानुवर्षे चालू राहिली. बड्या कंपन्यांची कर्जे थकत होती, वहीत मात्र ती चांगली दिसत होती. 2015 मध्ये रिझर्व्ह बँकेने वह्या उघडून तपासल्या आणि मार्च 2018 पर्यंत ढोबळ एनपीए, म्हणजे थकीत ठरलेली कर्जे, एकूण कर्जांच्या 11 टक्क्यांवर गेली. सरकारी बँकांना सावरण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर 2017 मध्ये 2.11 लाख कोटी रुपयांची भांडवल योजना जाहीर केली. तिचा मोठा भाग रोख्यांचा होता, आणि त्या रोख्यांचे व्याज सरकारी तिजोरीतून जाते. म्हणजे सैल हिशेबाची किंमत ज्यांनी ते कर्ज कधी घेतलेच नाही त्यांनीही मोजली.

प्रश्न : आमच्या जिल्हा मध्यवर्ती बँकेवर नेमके नियंत्रण कुणाचे? रिझर्व्ह बँकेचे, नाबार्डचे की सहकार खात्याचे? (दर्यापूर, जि. अमरावती)

तिघांचेही, आणि दुखणे तिथेच आहे. परवाना रिझर्व्ह बँक देते, तपासणी नाबार्ड ही शेती-ग्रामीण कर्जांची राष्ट्रीय बँक करते, आणि संस्थेची नोंदणी, निवडणूक वगैरे सहकार कायद्याखाली राज्याच्या निबंधकाकडे असते. बिघाड दिसला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. 2019 मध्ये अडचणीत आलेल्या पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी) बँकेच्या प्रकरणानंतर 2020 मध्ये बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती झाली आणि रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. राज्य व जिल्हा सहकारी बँकांना ती दुरुस्ती 1 एप्रिल 2021 पासून लागू आहे. तरी गावच्या विविध कार्यकारी सोसायट्या तिच्या बाहेरच आहेत.

विदर्भाला हा धडा फार महागात पडला. 2002 मध्ये नागपूर जिल्हा बँकेचे सुमारे दीडशे कोटी रुपये सरकारी रोखे खरेदीत अडकले. खाजगी दलालांना पैसे दिले गेले, रोखे बँकेच्या हाती आलेच नाहीत. खरेदीची पावती आणि रोख्यांचा ताबा या दोन गोष्टी त्याच आठवड्यात कुणी ताडून पाहिल्या असत्या तर हे लपले नसते. निकाल लागायला डिसेंबर 2023 उजाडले. पुढे नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तिन्ही जिल्हा बँकांकडे परवान्यासाठी लागणारे किमान 4 टक्के भांडवलही उरले नव्हते. नोव्हेंबर 2014 मध्ये केंद्राने देशातल्या अशा 23 बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली, त्यात या तिघी होत्या. मधली सगळी वर्षे ठेवीदार काउंटरवर हेलपाटे घालत होते आणि सोसायट्यांना पीककर्जासाठी पैसा मिळत नव्हता. नियंत्रण नव्हते असे नाही. तीन ठिकाणी विभागलेले होते आणि उशिरा जागे झाले.

प्रश्न : बँकेवर निर्बंध आले की आपल्या पैशाचे काय होते? पाच लाख मिळतात म्हणतात, ते कसे? (चिखली, जि. बुलढाणा)

रिझर्व्ह बँक बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 35-अ खाली निर्देश काढते. त्या दिवसापासून नवे कर्ज आणि नवी ठेव बंद होते आणि पैसे काढण्यावर मर्यादा येते. 23 सप्टेंबर 2019 ला पीएमसी बँकेत ही मर्यादा सुरुवातीला फक्त एक हजार रुपये होती. तेव्हा ठेव विम्याची रक्कम बँक अवसायनात, म्हणजे कायमची गुंडाळायला निघाल्यावरच मिळायची, म्हणून लोक दोन-दोन वर्षे ताटकळले. 1 सप्टेंबर 2021 पासून कायदा बदलला. आता निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत ठेव विमा महामंडळाने पैसे द्यायचे असतात : पहिल्या 45 दिवसांत बँक यादी देते, पुढचे 30 दिवस पडताळणी, शेवटच्या 15 दिवसांत रक्कम. विलीनीकरणाची बोलणी चालू असतील तर आणखी 90 दिवस लागू शकतात. संकटकाळातले चांगले नियमन म्हणतात ते हे. तारीख ठरलेली, जबाबदारी ठरलेली.

विम्याची मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 पासून एक लाखावरून पाच लाख झाली. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. चार लाख 95 हजार मुद्दल आणि चार हजार व्याज असेल तर सगळे मिळेल. मुद्दलच पाच लाख असेल तर व्याज विम्यात येणार नाही. एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांमधल्या ठेवी एकत्र मोजतात. पण नवऱ्याचे खाते, बायकोचे खाते आणि दोघांचे संयुक्त खाते हे तीन स्वतंत्र हक्क धरले जातात, प्रत्येकी पाच लाखांपर्यंत. तुमचे थकीत कर्ज त्याच बँकेत असेल तर ते आधी वळते होते. विम्याचा हप्ता बँक भरते, तो तुमच्या खात्यातून घेता येत नाही.

दावा अडकतो तो बहुतेक कागदावर. पासबुकात ‘रामराव’, आधारवर ‘रामचंद्र’. वडील वारले, खाते अजून त्यांच्याच नावावर. केवायसी दहा वर्षांपूर्वीची. बँक संमतीपत्र, ओळखपत्र आणि दुसऱ्या बँकेतला खाते क्रमांक मागते. दुसरीकडे खाते नसेल तर आजच उघडून ठेवा. आणखी एक गोष्ट, जी फार जणांच्या लक्षात येत नाही : पीएम किसान आणि अशी इतर अनुदाने आधार जोडलेल्या खात्यात जातात. निर्बंध आले त्याच आठवड्यात आधार दुसऱ्या बँकेशी जोडून घ्या, नाहीतर पुढचा हप्ताही अडकू शकतो. कर्जाचे हप्ते मात्र थांबवू नका. निर्बंध बँकेवर असतात, तुमचे देणे तसेच राहते.

प्रश्न : तालुक्यातली एक पतसंस्था बँकेपेक्षा अडीच टक्के जास्त व्याज देते. तिला हा विमा आहे का? (दारव्हा, जि. यवतमाळ)

नाही. पतसंस्था, मल्टिस्टेट (एकाहून अधिक राज्यांत चालणारी) पतसंस्था, गावची सोसायटी, यांपैकी कुणालाही नाही. दारावरच्या पाटीवर काहीही रंगवलेले असो.

पैसे ठेवलेच असतील तर वार्षिक सभेचा अहवाल मागा. सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते आणि सभासदाला अहवाल मिळायला हवा. ताळेबंदात ‘येणे व्याज’ ही ओळ शोधा. समजा दोन वर्षे कर्ज दहा कोटींच्या आसपासच आहे, पण येणे व्याज 60 लाखांवरून एक कोटी 40 लाखांवर गेले. म्हणजे कर्जदार व्याज भरत नाहीत, संस्था ते वहीत उत्पन्न म्हणून लिहिते आणि त्या कागदी नफ्यातून लाभांश वाटते. ‘अ’ वर्गाच्या लेखापरीक्षणापेक्षा ही एक ओळ जास्त खरे बोलते. मग संचालकांच्या नातलगांची कर्जे किती, हे सभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.

राज्यातली संस्था असेल तर तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करा. एक पंचमांश सभासदांनी अर्ज केला तर सहकार कायद्याच्या कलम 83 खाली चौकशी लावता येते, आणि कलम 88 खाली संचालकांकडून नुकसान वसूल होऊ शकते. मल्टिस्टेट असेल तर निबंधक दिल्लीत बसतो. पैसे बुडाल्यावर पोलिसांकडे जायचा रस्ता म्हणजे 1999 चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा. त्यात मालमत्ता जप्त होते, लिलाव होतो, पण वर्षे जातात. पतसंस्थांना ठेव विमा नसणे हे आमच्या मते ग्रामीण महाराष्ट्रातल्या बँकिंगचे सर्वांत मोठे उघडे भगदाड आहे.

प्रश्न : सोयाबीन गेले. बँकेचे साहेब म्हणतात, मार्चमध्ये नवंजुनं करून घ्या. पुनर्गठनाचे कुणी बोलत नाही. काय करावे? (मोर्शी, जि. अमरावती)

नवंजुनं केले की कागदावर जुने कर्ज फिटते आणि नवे उभे राहते. त्यासाठी दोन दिवसांपुरते का होईना, पैसे हातउसने आणावे लागतात, बहुधा टक्क्याने. बँकेची वसुली चांगली दिसते, तुमची परिस्थिती होती तिथेच राहते.

पीक गेल्यावरचा नियम वेगळा आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2018 च्या निर्देशांत नुकसान 33 ते 50 टक्के असेल तर परतफेडीला दोन वर्षांपर्यंत, आणि 50 टक्के किंवा जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत मुदत देण्याची तरतूद होती. दोन्हींत पहिले वर्ष सवलतीचे. अशा कर्जाचे पुनर्गठन झाल्यावर पुढच्या हंगामासाठी नवे पीककर्जही घेता येते. यात बँक काहीच लपवत नाही. कर्ज पुनर्गठित म्हणून नोंदले जाते आणि तपासणीत तसेच दिसते.

घोडे अडते ते पैसेवारीवर, म्हणजे गावात पीक किती आले याच्या सरकारी अंदाजावर. सरकारने आपत्ती जाहीर केल्याशिवाय बँक हलत नाही, आणि अमरावती विभागात अंतिम पैसेवारी 31 डिसेंबरला येते. मार्चअखेरपर्यंत हाती उरतात तीन महिने. त्यामुळे सुधारित पैसेवारी 31 ऑक्टोबरला लागते तेव्हाच तलाठ्याकडे आपल्या गावाचा आकडा बघा. 50 पैशांच्या आत असेल तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शाखेत पुनर्गठनाचा लेखी अर्ज द्या, सातबारा आणि पंचनाम्याची प्रत जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्या. तोंडी विचारणा कुठेच मोजली जात नाही. सोयाबीन, कापूस यांसारख्या पिकांचे कर्ज देय तारखेनंतर दोन हंगाम थकले तरच ते एनपीए होते, म्हणून ‘31 मार्चला खाते बुडीत जाईल’ या धाकाने घाईत सही करू नका. मात्र मुदतीत न भरल्यास व्याजसवलत जाते. त्याचा हिशेब शाखेतून लेखी मागा.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार पटला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. 14448 वर मराठीत माहिती मिळते. 1 नोव्हेंबर 2025 पासून जिल्हा मध्यवर्ती बँकाही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. तक्रारीला तोच शिक्का मारलेला अर्ज जोडा.