'पॅनचॅक्स' म्हणजे 'पंचाक्ष' नव्हे

कुडाळच्या एका वाचकाने विचारलंय : व्हाळात नि पाणी भरलेल्या शेतात वरच्यावर तरंगणारा, डोक्यावर चंदेरी टिकली असलेला बोटाएवढा मासा 'पॅनचॅक्स'. हा शब्द संस्कृत 'पंचाक्ष'वरून आला का? आणि डासांच्या अळ्या मारतो म्हणून तो 'किलीफिश' का?

दोन्ही नाही. 'पंचाक्ष'चा मोह होतो, कबूल. पण दोन डोळे नि ती टिकली धरून फार तर त्र्यक्ष होईल. उरलेले दोन कुठून आणायचे? फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतल्या माशांवर पुस्तक काढलं, त्यातलं हे नाव. स्थानिक लोक माशाला जे म्हणत, तेच ते बऱ्याचदा शास्त्रीय नावात घालत. रोहूचं 'रोहिता' झालं ते त्यांच्याच हातून. 'पॅनचॅक्स'ही असंच बंगालकडच्या बोलीतून उचललेलं. आपल्याकडचा पट्टेवाला त्याचा भाऊ, 'लिनिएटस'.

'किली'चा मारण्याशी संबंध नाही. डच भाषेत 'किल' म्हणजे ओढा. मालवणीत सांगायचं तर व्हाळातलो मासो, झालं. न्यूयॉर्क राज्यात 'फिशकिल' नावाचं गाव आहे, त्यातही हाच ओढा. ते नाव क्रूर वाटतं, बदला, अशी मागणी प्राणिमित्रांनी एकदा केली होती!

खरी गंमत पुढे आहे. या भावंडांची प्रजाती 'ॲप्लोकायलस', जेमतेम काही जातींची. तिचे सख्खे नातेवाईक राहतात मादागास्कर आणि सेशेल्समध्ये. त्यांचं नाव 'पॅकिपॅनचॅक्स'. ग्रीक 'पॅकिस' म्हणजे जाड. म्हणजे बंगाली बोलीतला शब्द ग्रीक शेजार घेऊन थेट मादागास्करच्या माशाला चिकटला. नातं मात्र नुसतं कागदावरचं नाही. भारताचा भूखंड मादागास्करपासून आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वी सुटला, तेव्हाच या घराण्याच्या वाटण्या झाल्या असं बरेच अभ्यासक मानतात. आपल्या कोकणातल्या भाऊबंदकीला हे ऐकून जरा कमीपणाच यावा.

मराठी प्रतिशब्द हवाच असेल तर 'मारक मासा' तेवढं नको. मल्याळममध्ये या माशाला 'मानत्तुकण्णी' म्हणतात : जिचे डोळे आभाळाकडे ती. नावं ठेवणारे आपल्याकडे उदंड. पण नाव ठेवावं ते असं.