खारघरला राहणाऱ्यांनी ठाण्याचा ऑरेंज अलर्ट धरायचा का? शाळेची सुट्टी कोण ठरवतं?

नाही, रायगडचा बघा. हवामान खात्याचा इशारा जिल्हावार असतो. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, पनवेल रायगडात. सगळीच नवी मुंबई समजलं की नेमका इथे घोळ होतो.

खातं फक्त इशारा देतं. सुट्टी जिल्हाधिकारी (तेच जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष) किंवा महापालिका जाहीर करते. ऑरेंज लागला म्हणून आपोआप सुट्टी मिळत नाही.

इशाऱ्यात लिहिलेला 'अति मुसळधार' पाऊस म्हणजे २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिमी, आणि हा दिवस सकाळी साडेआठपासून मोजतात. निघण्याआधी 'नाउकास्ट' (खात्याचा पुढच्या काही तासांपुरता अंदाज) पाहाच. तो जेमतेम ३ तासांचा असतो, सकाळी सहाचा शाळा सुटेपर्यंत शिळा होतो. घरात पाणी शिरलं तर जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७.